दारातल्या चपला

रविवारी धाकटा भाऊ जेवायला येणार होता. जिन्यात पावलं वाजली, पण बेल काही वाजेना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर हा दारासमोर उभा राहून आमच्या चपलांकडे बघत होता.

मी दार उघडलं. त्याने हळूच विचारलं, “ताई, आत कोण आलंय?”

“कोणी नाही रे. ती तुझ्या भाऊजींची नवी चप्पल.”

तो वरमला. “तळ बघायला हवा होता मी. झिजलेलाच नाहीये.”

गणवेशात होता तोवर हाच भाऊ बूट भिरकावत घरात शिरायचा. मग गुन्हे शाखेत गेला, साध्या कपड्यांत हिंडू लागला. आम्ही पेढे वाटले. तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं म्हणे, बेल दाबण्याआधी चपला मोजायच्या, आत किती माणसं आहेत ते कळतं. टोपी घरी आल्यावर खुंटीला अडकवता येते. ही नजर कुठे अडकवायची?

निघताना मी थट्टेने विचारलं, “स्वतःच्या घरीही मोजतोस का?”

“रोज. तिघांचे जोड दिसले की मगच बेल दाबतो.” तो हसला नाही.

काल संध्याकाळी भाजी घेऊन मी जिना चढले. दारात लेकीच्या सँडल नव्हत्या. तिचा क्लास सातला सुटतो आणि आत्ता साडेसहाच झालेत, हे मला ठाऊक होतं. तरी बेलपर्यंत गेलेलं बोट मागे आलं, आणि पिशवी हातात धरून मी ती येईपर्यंत तिथेच उभी राहिले.