बिनट्रॅक्टरचा हॅरो

मशीन कोणतंही असो, शिलाईचं असो की उसाचा रस काढायचं, फोरमन त्याच्याजवळ जाताना आधी चपला काढायचे. मग हात पाठीमागे बांधून एक फेरी मारायची, मग उकिडवं बसून खालून बघायचं. आपण पाना पुढे केला की म्हणणार, "पह्यले समजू दे. मंग पाना दे."

हे समजणं कधी चहा होईस्तोवर आटपायचं, कधी आठवडाभर लांबायचं. तोवर गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलेलं असायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. माझ्या दुकानात तो रोज येऊन बसायचा, एवढाच फरक.

माझं वेल्डिंगचं दुकान चामोर्शीत, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अब्बांनी सुरू केलेलं. आमचं काम ठोकाठोकीचं. लोखंड दिसलं की आधी घन उचलायचा आणि मग विचार करायचा, असं आमचं घराणं. त्यामुळे फोरमन आणि मी, आमचं जमायचं काही कारणच नव्हतं.

फोरमन हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. घुग्घुसकडे एका सिमेंट कंपनीत ते फिटरच्या हाताखाली हेल्पर होते. म्हणजे उभा जन्म दुसऱ्याला पाना देण्यात गेला. नोकरी संपवून चामोर्शीजवळच्या आपल्या गावी परत आले, पण कंपनी काही तोंडातून जाईना. चहा ओतू गेला तरी, "आमच्या प्लांटात असं चालत नसे मिस्त्री, सस्पेंड करत." गावातल्या पोरासोरांनी त्यांना फोरमन करून टाकलं आणि त्यांनीही नाही म्हटलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी ते बंडीवर लोखंडाचा एक भला मोठा सांगाडा घालून दुकानासमोर आले. बैलांच्या तोंडाला फेस. मी पाहिलं तर तव्यांचा हॅरो. म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बसतो तो. लोखंडी खोलगट तव्यांच्या दोन तिरप्या रांगा, एक पुढे, एक मागे, ढेकळं फोडायला. कुठल्याशा बंद पडलेल्या फार्मच्या मागे झुडपांत पडलेला होता म्हणे. तवे गंजून एकमेकांना चिकटलेले, आणि दोन तव्यांच्या मधून बोरीचं झाड वर आलेलं. ते झाड त्यांनी कापलंही नव्हतं. समजून घ्यायचं राहिलं असेल.

"भंगारात देता का?" मी विचारलं.

"दुरुस्त कराचा हाये."

"ट्रॅक्टर कधी घेतला?"

"ट्रॅक्टर नाई."

"मग हा बैलांना बांधणार?"

फोरमन चपला काढून एका बाजूला ठेवत म्हणाले, "ट्रॅक्टर लहान्याजवळ हाये ना."

आता इथे दुकानातले सगळे हसले, मीही हसलो, आणि ते का ते सांगायला हवं. लहान्या म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. गावात ट्रॅक्टर एकच आणि तो त्याचा. दोघांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक धुरा, मातीचा बांध. आणि हा लहान्या फोरमनशी कित्येक वर्षांपासून एक शब्द बोलत नव्हता. समोर आले तर रस्ता बदलायचा.

कारणही फोरमनच्या स्वभावाला शोभेल असंच. नोकरीत असताना सुट्टीवर आले होते. लहान्यानं पाणी द्यायला नवीन डिझेल इंजिन घेतलं होतं. फोरमननी ते समजून घेण्यासाठी उघडलं. पूर्ण उघडलं. आणि समजायच्या आत सुट्टी संपली. सगळे नटबोल्ट घमेल्यात भरून, वर फडकं झाकून, "पुढच्या सुट्टीत लावतो" असं लहान्याच्या बायकोला सांगून ते घुग्घुसच्या गाडीत बसले. धान निसवायला आलेलं. लहान्या घमेलं घेऊन गावोगाव मिस्त्री शोधत फिरला, तोवर बांधीला भेगा पडल्या. त्या दिवसापासून बोलणं बंद.

"तो तुमच्या हॅरोला ट्रॅक्टर लावेल?" मी म्हटलं.

"हॅरो पाहून लावन. लावला म्हणजे बोलन बी." मग आवाज बारीक करून, "नाई तं काऊन आणला असता मी, मिस्त्री?"

माझं हसू तिथेच विरलं. म्हटलं, उतरवा बंडीतून.

आणि मग सुरू झाला माझ्या डोक्याला ताप. तव्यांच्या रांगेतून जो चौकोनी दांडा जातो, त्याच्या टोकाचा मोठा नट काही केल्या सुटेना. मी घन उचलला. फोरमन मध्ये उभे.

"मारू नोको. भेते तो."

"नट भितो?"

"मारला का अधिक आवळते. तेल पाज, सबर ठेव."

मग रोज सकाळी यायचे आणि त्या नटाला डिझेल पाजायचे. थेंब थेंब, आजारी माणसाला औषध द्यावं तसं. मी वेल्डिंग करतोय, ठिणग्या उडताहेत, शेजारी डिझेलचं डबडं. किती वेळा ओरडलो असेन. एके दिवशी ते जेवायला गेले तेव्हा मी गॅसनं नट लाल केला, घन घातला आणि सुटला. ते परत आले, नट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाहिलं? पाजल्यानं सुटला." मी कपाळावर हात मारला. त्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

तवे सुटले. घासले, धार लावली, दांडा ज्यात फिरतो ते झिजलेले बुश बदलले, तव्याला चिकटलेली माती खरवडणाऱ्या पट्ट्या मी नव्या कापून दिल्या. एक मात्र चांगलं केलं होतं फोरमननी, उघडताना प्रत्येक तव्यावर खडूनं खूण केली होती, घासल्यावर पुन्हा गिरवली होती, कोणता कुठे आणि कोणत्या तोंडानं. घमेल्यानं शिकवलं होतं ना. पण मग त्यांना रंगाचा उत्साह आला. निळाभोर ऑईलपेंट आणला आणि सगळे तवे दोन्ही बाजूंनी रंगवून वाळत घातले. खुणा रंगाखाली. त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ब्रश हातातच होता.

"आता?" मी विचारलं.

"आता का? समजलं हाये मले," फोरमन म्हणाले.

आता राहिल्या जोडायच्या पिना. ट्रॅक्टरच्या मागच्या हातांत हॅरो अडकवायचा तर पिना बरोबर मापाच्या हव्यात. मी म्हटलं, अंदाजानं करतो, सगळ्या सारख्याच असतात. नाही. फोरमनना लहान्याच्या ट्रॅक्टरचंच माप पाहिजे. बाजाराच्या दिवशी लहान्या ट्रॉली घेऊन यायचा आणि माझ्या दुकानापलीकडे लावायचा. तो उतरून बाजारात शिरला, तसे फोरमन सुतळी घेऊन थेट ट्रॅक्टरखाली. फक्त पाय बाहेर. बरं, माप घेऊन निघावं की नाही? छे, आत गेल्यावर माणूस समजून घ्यायला लागला.

तेवढ्यात लहान्या परत आला, खांद्यावर खताचं पोतं. त्यानं ते पाय पाहिले.  ते पाय कोणाचे हे त्याला समजलं नसेल असं तुम्हाला वाटतं का? सख्ख्या भावाचे पाय. त्यानं पोतं ट्रॉलीत न टाकता हळूच खाली ठेवलं, समोरच्या टपरीवर गेला, ट्रॅक्टरकडे पाठ करून बसला आणि चहा मागवला. मग दुसरा मागवला. फोरमन धुळीनं माखून बाहेर निघाले, चोरासारखे माझ्या दुकानात शिरले, तेव्हा कुठे तो उठला.

"पाह्यलं तं नाई ना त्यानं?" फोरमननी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

उन्हाळा सरत आला. नांगरलेल्या बांधीत ढेकळं निघाली होती, दगडासारखी. फोरमननी हॅरो बंडीवर नेऊन आपल्या बांधीत, धुऱ्याला लागून, असा ठेवला की लहान्याला जाता येता दिसावा. आणि स्वतः मोहाच्या झाडाखाली डबा घेऊन बसले. लहान्याचा ट्रॅक्टर आला की फडक्यानं हॅरो पुसायला लागायचे. लहान्या गिअर बदलून अधिक जोरात निघून जायचा. गावात चर्चा एकच. दुसऱ्या गावच्या माझ्या एका गिऱ्हाईकाचा ट्रॅक्टर पाठवतो म्हटलं, तर फोरमन माझ्यावरच भडकले. "पिना लहान्याच्या मापाच्या हायेत."

तोवर आभाळ भरून यायला लागलं होतं. एकदा बांधीत पाणी साचलं की हॅरोचं काम त्या साली संपलं, आणि फोरमनच्या डोळ्यांत ते दिसत होतं. माणूस बोलायचा कमी झाला. कंपनीचं नावही निघेना.

आणि एका सकाळी लहान्या आला. ट्रॅक्टर सरळ बांधीत घातला, उलटा घेतला आणि हॅरोपाशी आणून उभा केला. पिना खटकन बसल्या. एक शब्द नाही. फोरमननी मला निरोप पाठवला होता, मी पाने घेऊन पोचलो, तेव्हा अर्धं गाव धुऱ्यावर. मोठा भाऊ एका बाजूला, धाकटा सीटवर, आणि दोघेही आपण एकटेच आलो आहोत अशा चेहऱ्यानं.

ट्रॅक्टर निघाला. हॅरो टेकवला, तवे फिरले, निळे तवे मातीत शिरले, ढेकळं फुटली. फोरमनची छाती फुगली. आणि मग हॅरो बाजूला सरकायला लागला. लहान्या स्टिअरिंग इकडे ओढतोय, हॅरो ट्रॅक्टरला तिकडे ओढतोय. खेकड्यासारखी ती वरात तिरपी तिरपी धुऱ्याकडे निघाली. लोक उड्या मारून पळाले. लहान्यानं ब्रेक मारेस्तोवर हॅरोनं दोघांच्या मधला धुरा चांगला बैलबंडी जाईल एवढा खाऊन टाकला होता.

लहान्या खाली उतरला. वाकून तव्यांकडे पाहिलं. मग सरळ झाला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोठ्या भावाशी बोलला.

"हे कोन्या येड्यानं बसवलं?"

"मी बसवलं," फोरमन म्हणाले.

"दोनी रांगा एका तोंडानं काऊन?"

"माल एकाच दिशेनं गेला पायजे. आमच्या प्लांटात शिमिट पुढं ढकलाचा स्क्रू असते, त्याचे सारे पाते एका तोंडानं..."

"हा शिमिट नोहोय. माती होय हे. पुढच्यानं तिकडं फेकली तं मागच्यानं इकडं आनाव लागते. माती जागच्या जागी राह्यली पायजे. एवढं समजत नाई, कंपनीत का गवत उपटत होता का गा?"

फोरमन माझ्याकडे वळले. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "मिस्त्री," म्हणाले, "बोलला पाहा."

लहान्याला थांबवणार कोण आता? इतक्या वर्षांचं साठलेलं. इंजिन निघालं, घमेलं निघालं, वरचं फडकं कोणत्या रंगाचं होतं तेही निघालं. फोरमन मान खाली घालून ऐकत होते आणि मध्येच "हाव, चुकलंच गा माझं" म्हणत होते. मग दोघं भाऊ मातीत बसले आणि मागची रांग उघडायला घेतली. माझे पाने माझ्याकडून घेतले आणि मलाच बाजूला सारलं. संध्याकाळी हॅरो सरळ चालला. फोरमनची बांधी झाली, लहान्याची झाली. मधला धुरा मात्र पुन्हा कोणी घातला नाही.

त्यानंतर दोघं बोलायला लागले असं म्हणणं बरोबर होणार नाही. भांडायला लागले. तवे किती तिरपे ठेवायचे, ग्रीस किती भरायचं, गाळलेलं तेल पुन्हा वापरायचं की नाही. बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर आधी ऐकू येत नसे, हे दोघे ऐकू यायचे. लहान्या सीटवर, फोरमन चाकावरच्या पत्र्यावर, एकमेकांच्या कानात ओरडत. मी सलाम केला तर दोघांनाही दिसायचा नाही. कैक वर्षं असं चाललं. मला वाटतं, ती फोरमनच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं असावीत.

मग एका हिवाळ्यात फोरमन गेले. दोन दिवसांचा ताप, जास्त काही नाही. मी गेलो होतो. विहारात वंदना झाली, लोक आपापल्या घरी गेले, लहान्या भिंतीला टेकून बसून होता. 

पुढच्या उन्हाळ्यात तो हॅरो मागे लावून माझ्या दुकानासमोर आला. बाकावर बसला. चहा झाला. मी विचारलं, "काय बिघडलं?"

"काई नाई. मस्त चालून राह्यला."

"मग?"

त्यानं रिकामा कप बाकाखाली सरकवला. म्हणाला, "काई बिघडलं नाई मिस्त्री. घरी कोनी चूक काढाले नाई."

मी लोखंडाचा माणूस, मला समजूत काढता येत नाही. मी उठलो, हॅरोजवळ गेलो आणि म्हटलं, "मागची रांग फार तिरपी ठेवलीय तुम्ही. अशानं तवे झिजतील."

"झिजतीन?" तो ताडकन उठला. "वेल्डिंगवाल्याले का समजते हॅरोतलं?"

मग आम्ही चांगले तासभर भांडलो. गिऱ्हाइकं थांबून राहिली. त्याचं सगळं बरोबर होतं, पण मी एक इंचही मागे हटलो नाही. शेवटी तो घाम पुसत ट्रॅक्टरवर चढला, चेहरा कितीतरी हलका झालेला, आणि पुढच्या बाजारी येताना पाना घेऊन येतो आणि तुले दाखवतो म्हणाला. मी म्हटलं, या, मी इथेच आहे.