मागची कच्ची भिंत

मंडळी, आज सकाळी आमच्या वाडीत चांगलीच जुंपली. पुतण्या मुंबईहून आलाय. लग्न ठरलंय, एक खोली वाढवायचीय. म्हणाला, "पुढं खळ्यात घेऊ. जागा नुसतीच पडलीय."

नुसतीच? ऐंशीच्या सुमारास पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीला घरकुलं मिळाली, सगळी एकसारखी, दोन-दोन खोल्यांची. मधलं हे खळं मात्र सगळ्यांचं ठेवलं. भात झोडायला, लग्नाच्या मांडवाला, दुपारी फणसाच्या सावलीत टेकायला.

मी तावातावानं बोलायला लागलो, तेवढ्यात माझी म्हातारी काकी उठली. पुतण्याचा हात धरून त्याला घरामागं नेलं आणि भिंतीवर थाप मारली.

"तीन भिंती दगडाच्या, हीच तेवढी कारवीच्या काटक्यांची, मातीनं लिंपलेली. का, ठाव हाय? फोडाया सोपी जावी म्हनून. घर वाढंल ते मागं वाढंल, खळ्यात नाय. तुझा बाप तवा शाळंत व्हता रे. तुझ्यासाठी ही कच्ची ठेवली."

पुतण्यानं त्या भिंतीवरून हात फिरवला आणि तिथंच मागं पावलांनी खोलीचं माप घेतलं.

आता खोली मागंच निघणार. तिची मागची भिंत विटांची घे, असं मी सुचवलं, तर म्हणाला, "नको काका, कारवीचीच. माझ्या पोरांनाही जागा लागेल ना!"

तुमच्या घरात आहे का हो अशी एखादी भिंत, अजून जन्माला न आलेल्यांसाठी कच्ची ठेवलेली?