हाक मारली की भाव पडतो

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात माझी एक सवय सगळ्यांना माहीत आहे. भाव पटला नाही की मी चपला घालून चालू लागतो. दहा पावलांत मागून हाक येते, "ओ भाऊ, या, बसा तर खरं!" आणि हाक मारणाऱ्याला भाव उतरवावा लागतो. थोरल्या भावाने धुळ्याच्या दुकानातून मला अंगावरच्या कपड्यांनिशी काढलं. तेव्हापासून मी उभा राहिलो तो या हुशारीवरच.

ती कहाणी मी घरी रोज जेवताना सांगत आलो, शिव्यांसकट. बायको म्हणायची, "पोर जेवतेय, हळू." मी म्हणायचो, कळू दे तिलाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच भावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तीही मोबाईलवर. घरी येऊन बोलवायची लाज वाटली असेल. संध्याकाळी जेवताना मी त्याचा उद्धार करत होतो, तर आमची सात वर्षांची मुलगी मध्येच म्हणाली, "पप्पा, आपण जाऊ ना लग्नाला." मी असा ओरडलो की तिच्या हातातला घास खाली पडला. ती उठली, चपला घातल्या आणि बाहेर पडली.

मला हसूच आलं. बायको म्हणाली, "अहो, हाक मारा."

"हाक मारली की भाव पडला. येईल."

अर्धा तास झाला तरी आली नाही. मी स्टेशनपर्यंत पळालो. रुळांकडे बघायची हिंमत होईना. परतताना पिठाच्या गिरणीवरची अक्का ओरडली, "भाऊ, तुमनी पोर आठे शे! मी म्हनं घर जाय, ते ती म्हने पप्पा हाक मारतीन."

पोर तिथेच, गिरणीच्या भिंतीआड उभी होती. तिथून आमचं दार दिसतं.

भावाने केलं ते मी विसरणार नाही. पण त्या दिवसापासून मुलगी काही मागतच नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गात तहान लागली तरी सांगत नाही.

परवा तिला बूट घेतले. दुकानदाराशी माझी चांगलीच जुंपली होती. "बसतात ना नीट?" मी मध्येच तिला विचारलं. तिने मान डोलावली. काल बायकोने तिच्या टाचा दाखवल्या. दोन्ही सोलल्या होत्या.

"लागतात हे सांगायचं नाही का?"

ती आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही भांडत होता ना."

बूट बदलून आणायचे आहेत. दुकानदार सहज घेणार नाही. तिला सोबत न्यावं की नाही, हे सकाळपासून ठरत नाहीये.