लिफ्ट किट आणि माईंचे गुडघे

जीप चिखलात रुतली की माणसं जमतात, आणि माणसं जमली की किस्से होतात. आमचं हे दर रविवारचं, त्यामुळे साठा वाढतच चाललाय. एखादा विसरावा म्हटलं तर कोणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकतंच!

आमचा ग्रुप म्हणजे तीन जीपा आणि तीन वेडे. जगदीश माकुणसारचा, घरची नारळ-केळीची वाडी. देशमुख साहेब मूळचे अकोल्याचे, वीजकेंद्रात नोकरीला. तिसरा मी, तारापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, राहायला सालवडला. अड्डा बोईसरला, उस्मानचाचांच्या टायरच्या दुकानात.

*

देशमुख साहेबांना टायर निवडायला अकरा महिने लागले. एक्सेल शीट केली होती! बत्तीस टायर, चौदा रकाने. डांबरावर कसा, चिखलात कसा, खडकावर कसा. एक रकाना 'पत्नीचे मत' असाही होता, तो शेवटपर्यंत रिकामाच राहिला, कारण विचारायची हिंमत झाली नाही.

शेवटी प्रिंटआउट घेऊन ते चाचांकडे आले. चाचांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"साहब, गाडी चलती कहाँ है?"

"रोज कॉलनी ते प्लांट. रविवारी यांच्याबरोबर चिखलात."

"मैंने देखा है. आपकी गाडी रोड पे खडी रहती है, कीचड में आप पैदल जाते हो. टायर छोडो साहब, गमबूट लो!"

साहेबांनी दोन्ही घेतलं. गमबूट निवडायला मात्र फक्त दोन आठवडे लागले.

*

जगदीशने घेतले ते खास चिखलाचे टायर. मोठ्या रबरी गुट्ट्यांचे. चिखलात झकास, पण डांबरावर इतके घोंघावतात की शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलायला फोन लावावा!

वहिनींनी त्याचाही उपयोग करून घेतला. लांबून घूंऽऽ ऐकू आलं की त्या तवा ठेवतात. जगदीश हातपाय धुऊन बसतो तोवर गरम भाकरी ताटात.

एका रविवारी भाकरी फुगली आणि दारात मी! मीही चाचांकडून तेच टायर घेतले होते. वहिनी म्हणाल्या, "बसा भावोजी. आता थापलीय ती कोणीतरी खायलाच पायजे." मी काय नाही म्हणणार? तीन खाल्ल्या.

मागून जगदीश आला. "माजी भाकरी कुठं हाय?"

"टायरला विचारा!" वहिनी म्हणाल्या.

*

आता माझाही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचेच सांगतो.

घरासमोर जीपचे शॉकअप बदलत होतो. सवयीने स्टिअरिंगला कारखान्यातला लाल टॅग लावला. 'काम चालू आहे, हात लावू नये', खाली माझी सही. आमच्याकडे नियम कडक, ज्याने टॅग लावला त्यानेच काढायचा. काम दुपारी संपलं, मी कारखान्याच्या बसने सेकंड शिफ्टला गेलो, आणि टॅग राहिला!

बायकोला बहिणीकडे बारशाला जायचं होतं. ती चार पिशव्या घेऊन रिक्षाने गेली.

"अगं, काम तर झालं होतं! टॅग काढून न्यायची गाडी."

"नियम तूच शिकवलास ना?"

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो तर टॅग गॅसच्या शेगडीवर होता. खाली तिची सही!

*

पण सगळ्यांत मोठं रामायण झालं ते जगदीशच्या लिफ्ट किटचं.

त्याच्या आईला, सुमनबाईंना, आम्ही सगळे माई म्हणतो. माईंचे मोठे भाऊ, म्हणजे जगदीशचे मामा, वाणगावच्या आत एका गावात राहतात. पावसाळ्याच्या तोंडावर मामा घसरून पडले. पायात सळी घातली. माईंचा जीव टांगणीला लागला. "दादाला एकदा डोळ्यांनी बघते," एवढंच दिवसभर. पण शेवटचा दीड किलोमीटर नुसता चिखल, रिक्षावाला हात जोडतो.

जगदीशने माईंसाठी जीप चाकांवर उंच उचलून घेतली. स्प्रिंगचे जाड पाटे, लांब शॉकअप, चार इंच लिफ्ट. खाली घासतात म्हणून दाराखालच्या पायऱ्याही काढून टाकल्या. आता जीप मामांच्या दारापर्यंत नक्की जाणार होती.

फक्त तिच्यात माई चढू शकत नव्हत्या!

"मी काय माडावर चढणारी हाय काय रे?" माई गुडघे धरून म्हणाल्या. उचलून ठेवतो म्हटलं तर, "मला कोणी उचलायचं नाय! ती वेळ येईल तेवा चौघं उचलालच."

लिफ्ट काढली तर जीप पोचत नाही, ठेवली तर माई पोचत नाहीत. जगदीश रडकुंडीला आला. मलाही वाईट वाटत होतं, कारण किट मीच सुचवली होती.

*

तोड वहिनींनी काढली. घराचा ओटा चांगला उंच आहे. जीप मागे घेत बाजूने ओट्याला चिकटवली आणि माई खोलीतून खोलीत जावं तशा आत गेल्या! माई आणि जगदीश पुढे, मागच्या सीटवर मी आणि देशमुख साहेब, गमबुटांसह. जीपही त्या चिखलातून वाघासारखी गेली. मामांच्या अंगणात थांबली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग लक्षात आलं. मामांच्या घराला ओटाच नाही!

माई वर सीटवर, मामा खाली खाटेवर. दोघं एकमेकांकडे बघून डोळे पुसतायत आणि मधे चार फुटांचं अंतर. प्लॅस्टिकची खुर्ची लावली, ती चिखलात रुतली. उचलायचं तर नावच नको.

शेवटी देशमुख साहेब म्हणाले, "माई खाली येत नाहीत, तर गाडीच खाली नेऊ."

आयुष्यभर गाड्या खड्ड्यातून काढणारे आम्ही, त्या दिवशी पहिल्यांदा गाडीसाठी खड्डे खणले! चार चाकांना चार. कुठे खणायचं ते मामांनीच खाटेवरून काठीने दाखवलं. "तिथं नको, दगड लागेल. इकडं, केळीच्या बाजूला घ्या, माती मऊ हाय." जगदीशने जीप अलगद आत उतरवली. माईंनी एक पाय खाली टाकला, मग दुसरा, आणि थेट भावाच्या खाटेवर जाऊन बसल्या. त्याच्या पायावरून हात फिरवत राहिल्या.

चहा झाला. जगदीश म्हणाला, "माई, उजेड हाय तोवर निघूया." तो खड्ड्यातल्या जीपकडे गेला, दार उघडून आत बसला.

त्याने चावी फिरवायच्या आधीच मामांनी घरात हाक मारली, "सूनबाई, सुमनचं अंथरूण माज्या खोलीत घाल. आन् तांदूळ चार दिसांचं काढून ठेव."