ऑगस्टचा आकडा

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका विक्रीकर कचेरीत कारकून म्हणून लागले. कोषागारातून आलेली चलानं जुळवायची, महिनाभरात जमा झालेल्या कराची बेरीज करायची आणि पाच तारखेच्या आत गोषवारा तयार करून सही करायची, हे माझं काम. साहेब मी लागले त्याच उन्हाळ्यात बदलून आले होते. आल्या आल्या त्यांनी खुर्चीमागच्या भिंतीवर आलेख लावला. दर महिन्याला लाल पेन्सिलीनं ते स्वतः रेघ पुढे ओढत, आणि रेघ वर गेली की सगळ्यांना चहा पाजत.

ऑगस्टची वसुली पडली. चांगलीच पडली. साहेबांनी मला आत बोलावलं.

"बाई, सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांची चलानं ऑगस्टमध्ये धरा."

"ती सप्टेंबरची आहेत, साहेब."

"तीनच दिवसांचा तर प्रश्न आहे. पैसा शेवटी सरकारकडेच जातो ना?"

"मग सप्टेंबरला ते तीन दिवस कुठून आणायचे?"

बाहेर टाइपरायटर थांबले. साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "राखीव जागेवर नोकरी मिळाली आहे. ती सांभाळावी माणसानं."

मी पाटीवर अक्षरं गिरवत होते तेव्हा आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला; तेव्हापासून घरात कुणी मान खाली घालून ऐकून घेत नसे. मी म्हटलं, "जागा राखीव आहे, साहेब. बेरीज सगळ्यांची सारखीच येते."

संध्याकाळी बाबांना सांगितलं. गिरणीत मागाजवळ उमर काढल्यामुळे ते मोठ्यानंच बोलत.

"कागदावर सही कोणाची राहीन?"

"माझी."

"मंग भेऊन काहून राहिली वं?"

दुसऱ्या दिवशी मी खराच आकडा लिहून दिला. साहेबांनी दुसऱ्या कारकुनाकडून नवा गोषवारा करून घेतला आणि आठवड्याच्या आत मला मागच्या रेकॉर्ड रूममध्ये धाडलं. पत्र्याचं छप्पर, धूळ, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. काम काहीच नाही. माणूस तिथं आपोआप कंटाळून रजेवर जातो, असं म्हणत.

मी गेले नाही. जुन्या गोषवाऱ्यांचे गठ्ठे सोडले आणि एकेका वर्षाचे बारा आकडे मोठ्या कागदावर उतरवायला लागले. दहा वर्षं उतरवून झाल्यावर ते नीट दिसायला लागलं. पावसाळ्यात बांधकामं बंद, लग्नं नाहीत, खेड्यातलं गिऱ्हाईक बर्डीच्या बाजारात फिरकत नाही. वसुली दरवर्षी पडतेच. दिवाळीला चढते, मार्चमध्ये उसळते. या ऑगस्टच्या आधीचे दोन ऑगस्ट तर याहून वाईट गेले होते. जे लपवण्यासाठी मला इथं बसवलं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच!

हिवाळ्यात वरिष्ठ अधिकारी तपासणीला आले. आमचा ऑगस्ट कोषागाराच्या ऑगस्टशी जुळेना. आधी हे काम कोण बघत होतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा हेडक्लार्कनं मला बोलावलं. धुळीच्या हातांनीच मी कागद घेऊन गेले.

बराच वेळ ते आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. "हे करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. खरा आकडा लिहिला म्हणून मला मागं बसवलं. तो तसा का आला, ते मी शोधत होते."

साहेब शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघतच बोलले.

ऑगस्ट दुरुस्त झाला. मला माझं टेबल परत मिळालं. साहेबांना लेखी समज मिळाली, एवढंच. त्यांनी मात्र माझ्या गोपनीय अहवालात 'उद्धट' असा शेरा मारला आणि त्यापायी माझी बढती दोन वर्षं अडली. हेडक्लार्क भला माणूस. तो म्हणाला, "माफीचा अर्ज द्या बाई, शेरा काढून टाकतील. मीच लिहून देतो."

"कशाची माफी?" मी विचारलं. अर्ज मी दिला नाही.