तीन वासिष्ठी आणि दोन उमा

माझ्या बायकोच्या मामांइतका एका नावाशी एकनिष्ठ राहिलेला पुरुष अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात दुसरा सापडणार नाही, आणि ते नाव मामींचं नव्हतं. ते एका लढाऊ बोटीचं होतं. नीट सांगायचं तर तीन बोटींचं. पण हे 'तीन' मामांसमोर उच्चारायची सोय नाही. पहिली 'वासिष्ठी' इंग्रजांच्या काळातली. ती महायुद्धात ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर लढली आणि म्हातारी होऊन मोडीत गेली. दुसरीच्या इंजिन रूममध्ये मामांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. यथावकाश तीही मोडीत गेली. पुढे नौदलाने नवी कोरी बोट बांधली आणि रिवाजाप्रमाणे तिला तेच नाव, तेच बोधचिन्ह आणि तेच ब्रीदवाक्य दिलं. तुम्हीआम्ही ह्याला तीन बोटी म्हणू. मामा म्हणतात, "बोट तीच. पत्रे बदलले." कोणी वाद घातलाच, तर ते त्याला हाताला धरून परसात हापूसच्या कलमापाशी नेतात. "ह्याची काडी ज्या झाडाची, ते झाड कधीच वादळात पडलं. आता ह्याचा आंबा खा आणि सांग, हापूस तोच की दुसरा?" वाद घालणारा आंबा खातो आणि गप्प होतो. मी दर मे महिन्यात हा वाद मुद्दाम उकरून काढतो.

ह्या सिद्धान्ताचा सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो मामांच्या गोष्टी ऐकताना. गोष्ट एका वासिष्ठीवर सुरू होऊन दुसरीवर संपायची आणि मधे कुठे पत्रे बदलले ते श्रोत्यांना कळायचं नाही. शिवाय सगळीकडे 'आम्ही'. "ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर आम्ही रात्रभर तोफा डागल्या," असं ते झोपाळ्यावर बसून सांगायला लागले की आतून मामींचा आवाज यायचा, "तेव्हा ह्यांच्या आईवडिलांचं लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं. विचारा, तोफ कोणाच्या हातात होती!" मामा शांतपणे म्हणायचे, "मी बोटीचं सांगतोय, माझं नव्हे," आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'आम्ही'. एका पावसाळ्यात चिपळूणला पाणी भरलं. मी पेपर मोठ्याने वाचत होतो, "वासिष्ठीने धोक्याची पातळी ओलांडली." मामांच्या हातातली कपबशी हिंदकळली. "कुठल्या समुद्रात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मामा, नदी. चिपळूणची." "हां, मग हरकत नाही," म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. आपल्या सख्ख्या बहिणीचं घर चिपळूणच्या बाजारपेठेत आहे, हे त्यांना त्यानंतर आठवलं.

तिसरी बोट नौदलात दाखल झाली तेव्हा जुन्या खलाशांना मुंबईला समारंभाचं आमंत्रण होतं. मामा, मामी आणि सामान उचलायला मी, असे तिघे गेलो. मामींनी इंजिन रूममधल्या पोरांसाठी डबाभर रव्याचे लाडू घेतले होते. मामांच्या काळच्या बोटीत दरवाजे बुटके. ह्या नव्या बोटीत ऐसपैस. तरी मामा प्रत्येक दारात बरोबर कंबरेत वाकत होते. बरोबरचा तरुण अधिकारी बिचारा सौजन्याने म्हणाला, "काका, इथे वाकायची गरज नाही."

"तुम्हांला नसेल," मामा म्हणाले. "मला ह्या बोटीची सवय आहे."

"पण काका, ही बोट तर आजच—"

मामींनी त्याच्या हातावर एक लाडू ठेवला. "बाबा, तू नको ह्यात पडू. माझा जन्म गेला ह्यात."

निशाण वर चढलं तेव्हा मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आमच्या लग्नात एवढं भरून आलं नव्हतं हो ह्यांना." पण म्हणताना आपल्या पदराचं टोक त्यांनी मामांच्या हातात दिलं होतं, हे मी पाहिलं.

मामींचं नाव उमा. ज्या पिढीत नवरे बायकोला 'अगं ए' च्या पुढे हाक मारत नसत, त्या पिढीत मामा बायकोला नावाने हाक मारायचे, आणि तीही फाटकातून. आयुष्यभर इंजिनच्या धडधडाटात बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. बाजारातून मासळीची पिशवी घेऊन आले की फाटकाला हात लावायच्या आधी, "उमाऽऽ!" भाट्याच्या पुलावरून जाणारे लोकसुद्धा ओळखत, मामांना आज सरंगा मिळालेला दिसतो. आतून मामी म्हणायच्या, "आल्ये, आल्ये! तुमची बोट नाही सुटत!"

मग मामी गेल्या. सकाळी बोलत होत्या, दुपारी दवाखान्यात नेल्या आणि संध्याकाळी नव्हत्या. मामा रडले नाहीत. दिवसकार्य झालं, माणसं पांगली, आणि त्या घरात ते नाव उच्चारायचं सगळ्यांनी आपोआप बंद केलं. मामा मासळी आणायचे ती मुकाट्याने ओट्यावर ठेवायचे. वासिष्ठीच्या गोष्टी मात्र चालू राहिल्या. फक्त आता 'आम्ही' म्हटल्यावर आतून कोणी टोकत नसल्यामुळे त्या फार लांबायला लागल्या.

मामांचा मुलगा रत्नागिरीतच कॉलेजात शिकवतो. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "भावोजी, लग्न ठरवलंय. मुलगी पालीची. जयगडला बंदराच्या ऑफिसात आहे."

"मग चेहरा का असा?"

"नाव उमा आहे."

मला तर हसूच आलं. जन्मभर एकाच नावाचे गोडवे गाणाऱ्या माणसाला ह्याहून मोठा आनंद कोणता! मी स्वतःच मामांकडे गेलो आणि अगदी थाटात म्हटलं, "मामा, अभिनंदन! दुसरी उमा सेवेत दाखल होत्येय." मामा हसतील, कलमाचा दाखला देतील, अशी माझी खात्री होती. ते उठले आणि माडांना पाणी घालायला गेले. बाहेर चांगला पाऊस पडत होता.

लग्न झालं. मुलगी मोठी लाघवी आणि तितकीच स्पष्ट. मामांना अंगणातून क्षितिजावर कुठलाही राखाडी ठिपका दिसला की ते उभे राहून म्हणतात, "वासिष्ठी!" आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षं "हो, हो" म्हणत आलोय. नव्या सुनेने पहिल्याच आठवड्यात डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "नाही हो बाबा, ते कोळसा घेऊन जयगडला चाललंय. उद्या त्याचे कागद माझ्याच टेबलावर येतील." मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग ठिपक्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "कुठून आलंय?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून ती कंपनीच्या बसमधून उतरून आली की दोघं अंगणात बसून जहाजांच्या गप्पा मारत. तिच्यासाठी ते मासळीतला मधला तुकडा काढून ठेवत. पण हाक मारायची वेळ आली की मामांची गाडी अडायची. "सूनबाई", "ऐकलंस का", नुसतं खाकरणं. एकदा तर तिला बोलवायला त्यांनी ताट वाजवलं. त्यात फाटकावर कुरियरवाला ओरडायचा, "उमा मॅडम!" आणि मामा खुर्चीतून अर्धे उठायचे. उठायचे आणि तसेच खाली बसायचे.

हे सुनेच्या लक्षात आल्याशिवाय कसं राहील? एका रविवारी आम्ही सगळे जेवत असताना तिने सरळ विषय काढला. "बाबा, घरात मला चिमी म्हणा. माझी आजी म्हणायची. मला आवडतं."

मामांचा हात भातावरच थांबला. "का? नाव का टाकायचं? चांगलं नाव आहे."

"तुम्हांला जड जातं म्हणून. एवढ्या बोटींचं नाव पुढे गेलेलं चालतं तुम्हांला, माझंच का अडतं?"

मुलाने तिला डोळ्यांनी खुणावलं, पण ती मामांकडेच बघत होती. मामा पहिल्यांदाच इतके हळू बोलले की आम्हांला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"बोटीचं निराळं असतं गो, बाय. बोट निवृत्त होते तेव्हा सगळ्यांना बोलावतात. सूर्य बुडताना निशाण उतरवतात, बँड वाजतो, मोठमोठे बाप्ये रडून घेतात. मग ते नाव मोकळं होतं. तुझ्या सासूचं तसं काहीच झालं नाही. दुपारी नेली नि संध्याकाळी नाही. मी अजून निशाण उतरवलेलंच नाही."

सून म्हणाली, "मग नका उतरवू. मला कुठे घाई आहे?" आणि तिने त्यांना आमटी वाढली.

त्यानंतर एक फरक मला जाणवला. मामांच्या गोष्टींतलं 'आम्ही' कमी झालं. ब्रह्मदेशातल्या तोफा आता 'ती माणसं' डागू लागली. "त्या खलाशांचीही घरी कोणी असतील, नाही?" असंही एकदा ते मधेच म्हणाले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी त्यांना शोधत भाट्याच्या सुरूच्या बनापलीकडे गेलो. मामा पाण्याच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे होते आणि हाका मारत होते. "उमाऽ!" थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, "उमा!" मग आणखी खाली. फिरायला आलेलं एक जोडपं, बोलण्यावरून कोल्हापूरकडचं, काळजीने त्यांच्याजवळ गेलं.

"आजोबा, कुत्रं हरवलंय व्हय? आम्ही बघू का? कसं दिसतंय?"

मामांना कमी ऐकू येतं. "कोण?"

"उमा ओ! दिसायला कशी हाय?"

मामांनी गंभीरपणे विचार केला. "गोरी," ते म्हणाले. "नाकात चमकी. हसली की डावा डोळा जरा बारीक व्हायचा." ते दोघं एकमेकांकडे बघू लागले. मामांनीच त्यांची समजूत काढली, "हरवलेली नाही हो. तुम्ही जा फिरायला, अंधार पडेल."

मी पुढे झालो. "मामा, हे काय चाललंय?"

"चाचणी," मामा म्हणाले. "नवी बोट लगेच कामगिरीवर नेत नाहीत, जावईबापू. आधी समुद्रात चाचण्या घेतात. त्या जुन्या आवाजात पोरीला हाक मारली तर दचकेल ती. आवाज खाली आणायला हवा." परत येताना त्यांनी माझा हात धरला होता.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या ओटीवर चहा पीत बसलो होतो. सून आत भाजी चिरत होती. मामांनी घसा साफ केला, आतल्या दाराकडे मान वळवली आणि म्हणाले, "उमा."

चाचणी जरा जास्तच झाली होती. आवाज इतका खाली आला होता की तो माझ्यापर्यंत जेमतेम पोचला. विळीचा आवाज चालूच राहिला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात बघितलं. मग त्यांनी पुन्हा, थोडं मोठ्याने म्हटलं, "उमा!"

विळी थांबली. मग आवाज आला, "ओ, बाबा! काय हवंय?"

मामांची पंचाईत झाली. हाकेची एवढी तयारी केली होती, पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. "काही नाही," ते म्हणाले. "चहा झाला का, विचारत होतो."

ती हात पुसत दारात आली. मामांच्या हातात अर्धा भरलेला कप होता, त्यातून वाफ येत होती. तिने कपाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं.

"ठेवते हां," ती म्हणाली आणि आत गेली.

मामांनी हातातला चहा हळूच शेजारच्या अबोलीच्या कुंडीत ओतला आणि रिकामा कप मांडीवर धरून वाट बघत बसले.