पुंजक्याचा उजवा कान

अडीच वाजता आप्पांनी दाराला आतून कडी घातली. साडेपाचला सून औषधांच्या दुकानातून सुटायची, वाटेत नातीला शाळेतून घ्यायची आणि सहाच्या आत दोघी घरी. तेवढ्या वेळात पुंजक्याच्या अंगावरच्या सगळ्या जटा निघायला हव्या होत्या, आणि तेही त्यानं कुणाला दात न लावता. नाहीतर शनिवारी पुंजका या घरातून जाणार होता. सुनेनं तसं तोंडावर सांगितलं होतं, आणि ती बोलून विसरणाऱ्यातली नव्हती.

पुंजका म्हणजे राखाडी रंगाचं, गुडघ्याच्याही खाली राहणारं टेरियर. नातीला दमा, म्हणून केस न गळणारं कुत्रं हवं असं म्हणत मुलानं शोधशोध करून आणलेलं. गळत नाहीत, छान, सगळे खूश. पण अहो, गळत नाहीत तर मेलेले केस जातात कुठे? कुठेच जात नाहीत. अंगावरच राहतात, एकमेकांत अडकतात. वरून ब्रश फिरवला की गडी कसा गुळगुळीत दिसतो, आणि खाली कातडीलगत गाठीवर गाठ. घरातले सगळे वर्षभर वरूनच ब्रश फिरवत राहिले. त्यात आप्पाही आले.

गेल्या महिन्यात कुत्र्यांच्या पार्लरवाल्यानं कानामागची गाठ ओढली आणि पुंजक्यानं त्याचा अंगठा फोडला. ‘भीक नको पण कुत्रं आवर’ म्हणत त्यानं हात जोडले, वर आपल्या धंद्यातल्या चार जणांना फोन करून सावधही केलं. त्या दिवशी सून शांतपणे म्हणाली की पोरगी दिवसभर याच्या अंगावर लोळते. यानं परत कुणालाही दात लावला तर हा माझ्या भावाकडे जाईल. आणि शनिवारपर्यंत या जटा निघाल्या नाहीत तरी जाईल, कारण दुखऱ्या गाठीला पोरीचा हात लागला की हा चावणारच. भाऊ गावाबाहेर राहायचा, अंगण मोठं, घरात लहान मूल नाही. रागवायलासुद्धा जागा ठेवली नव्हती तिनं.

खरं सांगायचं तर पुंजक्याशिवाय आप्पांचा दिवस सरकत नव्हता. चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवली, दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला म्हणून विकून टाकली. तेव्हापासून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात दोनच जीव, एक बोलणारा आणि एक ऐकणारा. म्हणून हे काम आप्पांनी आपल्या अंगावर घेतलं. कोट धुतले, पडदे धुतले, हॉटेलांचे गालिचे धुतले, हे एवढंसं कुत्रं काय घेऊन बसलात, असं मुलाला ऐकवलंही. फार बोलले म्हातारबुवा.

कारण पहिल्याच घासाला खडा लागला. लॉन्ड्रीवाल्याचा हात तो. मळलेली वस्तू दिसली की आधी धुवायची, सुकवायची, मग पुढचं काय ते. आप्पांनी टबात चांगलं कढत पाणी घेतलं, सोसवेल इतकं निववलं, पुंजक्याला उतरवलं आणि शाम्पू घालून गाठ न् गाठ चोळली. जिथे मळ जास्त तिथे जास्त चोळायचं, हा तर त्यांचा बाणाच. पुंजका बिचारा डोळे मिटून उभा. मग पंचा, मग केस वाळवायचं यंत्र. सगळं यथासांग करून आप्पांनी फणी लावली, तर फणी शिरेच ना. सकाळी बोटानं दबत होत्या त्या गाठी आता दाबून केलेल्या लोकरीच्या नमद्यासारख्या घट्ट झाल्या होत्या.

आप्पांनी फणी खाली ठेवली. लोकर, गरम पाणी आणि चोळणं एकत्र आणू नका रे गाढवांनो, हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं नोकरांना सुनावलं होतं. एकानं गिऱ्हाइकाचा स्वेटर असाच बाहुलीच्या मापाचा करून ठेवला, तर त्याला आठवडाभर फाडून खाल्लं होतं. आणि आज? कुत्र्याच्या अंगावर लोकरच असते हे डोक्यातच आलं नाही. त्यांना ते केस वाटले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

साडेतीन झाले होते. आता विंचरणं संपलं, कापणं आलं.

इस्त्रीच्या टेबलावर घोंगडी टाकून त्यांनी पुंजक्याला वर घेतलं. गाठीच्या खाली बोट सरकवायचं, बोट आणि गाठ यांच्यामध्ये कात्री घालायची, म्हणजे कापलं तर आपलं बोट कापेल, कुत्र्याची कातडी नाही. अर्ध्या तासात पोट झालं. पुढच्या पायांच्या बगला झाल्या, तिथे पुंजका गुरगुरला, पण तेवढंच. डावा कान झाला. मधूनमधून ते घड्याळाकडे बघत, कपाळ पुसत, त्याच्याशी बोलत. शहाणा आहेस, थोडंच राहिलंय, तोंड बंद ठेव बाबा, तुझ्या पाया पडतो.

पाचला राहिला फक्त उजवा कान. सगळ्यात वाईट गाठ तीच. आणि घाई झाली की माणूस डोक्यानं काम करत नाही, सवयीनं करतो. कपड्यावर सुटलेला दोरा दिसला की चिमटीत धरून वर ओढायचा आणि मुळाशी कच्चकन कापायचा, असे लाख दोरे कापले होते त्या हातानं. आप्पांनी गाठ चिमटीत धरली, वर ओढली आणि कात्री मुळाशी नेली.

पुंजका वळला आणि त्यांच्या डाव्या तळहाताच्या कडेला कचकन चावला.

कात्री खाली पडली. पुंजका टेबलाच्या कोपऱ्यात अंग चोरून थरथरत उभा. आप्पांनी आधी कान बघितला, मग हात. कानाच्या पातळ कातडीवर कात्रीच्या पात्याचा दाब उमटला होता, रक्त नव्हतं. गाठीबरोबर कातडीही वर आली होती. हा चावला नसता तर कान कापला गेला असता. हातावर मात्र दातांची चार भोकं, आणि त्यातून भळभळ.

त्याची काही चूक नाही, काही म्हणजे काही चूक नाही, आप्पा मोठ्यानं म्हणाले. पण ऐकायला होतं कोण? चूक त्यांची, शिक्षा कुत्र्याला, आणि शिक्षा सुनावणारी वीस मिनिटांत दुकानातून निघणार. मग त्या सरळ माणसानं आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. हात घाईघाईनं धुतला, फडक्यानं घट्ट बांधला, टेबलावरची घोंगडी उचलली आणि इस्त्री गरम करून ठेवली. शेजारी मुलाचा शर्ट पसरला. इस्त्रीवाल्याला चटका बसला, यात कोण शंका घेणार?

कुणीच घेतली नाही. सून आली, फडकं बघून तिचा चेहरा उतरला, आणि स्वतःचे शर्ट तुमचा मुलगा करून घेईल, तुम्ही कशाला इस्त्रीला हात लावता, म्हणून रागावली. पर्समधून भाजल्यावरचं मलम काढलं. आप्पांनी ते लावून झालंय म्हणून सांगितलं. मग तिनं पुंजक्याला निरखलं, पाठीवरून, पोटाखालून हात फिरवला आणि एवढं तुम्ही एकट्यानं केलंत म्हणून इतकी मनापासून हसली, की आप्पांना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. उजवा कान उद्या करतो, ते पुटपुटले.

तेवढ्यात नात दप्तर टाकून आली. शाळेतली गुपितं ती आधी पुंजक्याला सांगायची, मग घरात. धपकन त्याच्याशेजारी बसली, दोन्ही हातांनी त्याचा उजवा कान उचलला आणि तोंड आत घातलं. पुंजक्याचा वरचा ओठ जरासा वर गेला. आवाज नाही, काही नाही, फक्त एक दात दिसला. सुनेची पाठ होती. घरात ते बघणारे एकटे आप्पा होते.

त्यांनी कधी उठून नातीला उचललं ते त्यांनाही कळलं नाही. गुडघा कडकडला. पोरगी रडायला लागली, सून वळली.

“भाजलं नाही मला,” आप्पा म्हणाले. “चावलाय तो.”

सुनेनं पोरीला आत पाठवलं, दार लोटलं आणि फडकं सोडलं. भोकं बघितली. मोरीत नेऊन नळाखाली साबणानं हात धूत राहिली, दहा-पंधरा मिनिटं, आणि सकाळी उठल्याबरोबर दवाखान्यात जायचं एवढंच म्हणाली. आप्पांनी सगळं सांगून टाकलं. गरम पाणी, नमदा, दोऱ्याची सवय, पात्याचा दाब. चूक शंभर टक्के माझी होती, त्याची नव्हती, दोनदा म्हणाले.

“चूक कुणाची ते मी विचारलं नव्हतं, आप्पा,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “आणि तुम्ही सांगितलं नसतंत तर?”

आप्पांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

सुनेनं नळ बंद केला. मग आप्पा म्हणाले की तो कान तेवढा राहिलाय. दुखरी गाठ घेऊन परक्या घरी कसा पाठवायचा त्याला? सुनेनं त्यांच्या हाताला स्वच्छ पट्टी बांधली आणि बाह्या वर केल्या. घोंगडी पुन्हा अंथरली, पुंजक्याचं डोकं आपल्या कोपरात घट्ट धरलं आणि हळू करा म्हणाली. आप्पांनी या वेळी काही ओढलं नाही. बांधलेल्या हाताचं बोट गाठीखाली सरकवलं आणि एकेक बट कापत गेले. पुंजका थरथरत होता, पण हलला नाही. अर्ध्या तासानं लिंबाएवढी गाठ आप्पांच्या हातात आली. खालची कातडी लालबुंद होती. पुंजक्यानं डोकं झटकलं, कान फटफट वाजवला आणि हनुवटी सुनेच्या हातावर टेकवून डोळे मिटले.

तिनं त्याला तसंच धरून ठेवलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

“भावाला शनिवारी लवकर बोलावते,” ती म्हणाली. “पोरगी उठायच्या आत.”

आप्पा हो म्हणाले आणि खाली पडलेले केस गोळा करायला लागले.